चार गंज आणि वैशाख

महाराष्ट्र राज्य होऊन चार-पाच वर्षं झाली असतील. मी तेव्हा सोनाळ्याकडच्या एका गावात प्राथमिक शाळेवर गुरुजी होतो. माझ्याआधीच्या गुरुजींची बदली झाली तेव्हा शाळेच्या हजेरीपटाबरोबर आणखी एक वही माझ्या गळ्यात पडली. ती होती लग्नाच्या सामानाची. भात-वरण शिजवायचे चार मोठे गंज, दोन कढया, सहा सतरंज्या आणि तीन गॅसबत्त्या, त्यातली एक सदा भकभकणारी. गावातल्या झाडून साऱ्या घरांनी वर्गणी देऊन हे सामान घेतलं होतं. कोणाच्या लग्नात ते कधी जायचं, हे वहीवाल्याने ठरवायचं.

मला हे काम मनापासून आवडायचं, आता कबूल करायला हरकत नाही. एरवी मला रस्त्यात न ओळखणारी माणसं उन्हाळ्यात माझ्या ओसरीवर येऊन अदबीने बसत. 'गुरुजी, बरं हाय ना?' अशी चौकशी होई. दोन-चार खरबुजं येत. मी वही मांडीवर घेऊन जरा वेळ लावत असे, उगाच.

अडचण अशी की वैशाखात तिथ्या मोजक्या आणि लग्नं फार. एकाच तिथीला तीन घरी मांडव पडे आणि तिघांनाही चारही गंज हवे असत. भाताला एक, वरणाला एक, भाजीला एक, पाण्याला एक. मग मी कोणाचं लग्न सकाळचं, कोणाचं गोरज मुहूर्तावर, ते बघायचो. एकाला दोन गंज द्यायचो, दुसऱ्याची पाण्याची सोय रांजणांवर भागवायचो, तिसऱ्याला नुसत्या सतरंज्या देऊन समजावायचो. सगळं जमलं की माझी छाती फुगायची. शाळेत पोरांना त्रैराशिक शिकवताना मला कधी एवढा आनंद झाला नाही.

शाळेवर आम्ही दोघंच गुरुजी. दुसरे माझे सोबती बौद्धवाड्यात राहत. डबा आम्ही एकत्र खायचो, त्यांच्या घरची मिरचीची भाजी मला फार आवडे. त्या वर्षी त्यांच्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं होतं. मुलगा फौजेत होता. त्यांनी सामान मागितलं, मी तारीख लिहिली. मग त्याच तारखेला दुसरं एक लग्न आलं.

"तुमचं काय हो गुरुजी," मी म्हटलं, "तुम्हाले तिथी पाहा लागत नाही, मुहूर्त पाहा लागत नाही. चार दिवस पुढं घ्या ना."

त्यांनी घेतलं. पुढच्या खेपेलाही मी तेच म्हटलं आणि त्यांनी पुन्हा घेतलं. ज्यांना तिथी नव्हती ते पुढे सरकले, ज्यांना होती त्यांचं लग्न वेळेवर लागलं. वहीत सगळं नीट बसत होतं आणि मी खूश होतो.

तिसऱ्या खेपेला ते भर दुपारी आले. हातात पोस्टकार्ड होतं. नवरदेवाची सुट्टी शुक्रवारी संपत होती. लग्न बुधवारपर्यंत लागलं नाही तर तो शेगावहून गाडीत बसून निघून जाणार, आणि पुढची सुट्टी कधी मिळेल याचा भरवसा नव्हता.

"तिकडची मंडळी आता कंटाळली," ते म्हणाले. "दोनदा तारीख पलटली. दुसरी पोरगी पाहू म्हणून राह्यले."

बुधवारी गावातल्या सर्वांत मोठ्या जमीनदाराच्या मुलीचं लग्न होतं, गोरज मुहूर्तावर. वहीत चारही गंज त्यांच्या नावावर होते. सकाळी मात्र ते मोकळेच होते. सकाळी बौद्धवाड्यात लग्न लावायचं, दुपारी गंज धुवून जमीनदाराकडे पोचवायचे. एवढी सोपी जुळणी मला सुचली नव्हती असं नाही. पहिल्या खेपेलाही अगदी अशीच सुचली होती. पण बौद्धवाड्यातून निघालेला गंज त्याच दिवशी दुसऱ्याच्या चुलीवर चढला तर लोक काय म्हणतील, याची मला भीती वाटली होती. म्हणून मी त्यांचं लग्न सगळ्यांच्या शेवटी ढकलत होतो, गंज पुन्हा कोणाला लागणार नाहीत अशा दिवसाकडे. मुहूर्ताचं निमित्त फक्त हाताशी आलं होतं. मला माझी लाज वाटली.

तसाच उठून जमीनदाराच्या घरी गेलो. त्यांची बायको अंगणात बायकांकडून गहू निवडून घेत होती. मी आडवळणाने, घसा साफ करत सगळं सांगितलं.

"धुवून येतीन ना?" तिने विचारलं.

"येतीन, काकू."

"मंग मले कायले इचारता? अन् त्याईले म्हणा, झाकण्या मोजून पाठवा. मांगच्या लग्नात एक हरपली."

ती पुन्हा गव्हाकडे वळली. ज्या बोभाट्याला मी महिनाभर घाबरत होतो तो एवढाच होता.

बुधवारी सकाळी त्रिशरण-पंचशील झालं, हार घातले गेले, आणि नवरा-नवरी दोघं हसत होती. पंगतीत माझे सोबती स्वतः वाढायला आले. मी हळूच म्हटलं, "गुरुजी, तुमची तारीख पुढं ढकलत गेलो ते मुहूर्तापायी नव्हतं."

"मले पहिल्याच खेपेले समजलं होतं," ते म्हणाले.

"मंग बोलले काऊन नाही?"

त्यांनी बुंदीची परात दुसऱ्या हातावर घेतली. "तुमच्या आधीच्या गुरुजीनं वहीत आमच्याकडचं नावच कधी लिहलं नव्हतं. तुम्ही लिहत तरी होते. बोललो अन् तेही खोडलं, तर?"

त्यांनी माझ्या पत्रावळीवर आणखी एक ओंजळ बुंदी टाकली.

"जेवा गुरुजी, पोटभर जेवा. गंज रिकामे कराचे हायत."