खोर फक्कान, एक पांढरी चादर आणि शून्य फोटो

या पोस्टमध्ये फोटो नाहीत. नेहमीच्या वाचकांना माहीत आहे की मी साध्या मिसळीचेही चारही बाजूंनी फोटो टाकणारी बाई आहे. तेव्हा खाली कमेंटमध्ये "ताई, फोटो?" असं कृपा करून विचारू नका. का नाहीत ते वाचता वाचता कळेल, आणि कळल्यावर तुमचंही डोकं तापलं तर या लिहिण्याचं चीज झालं असं मी समजेन. नावं बदलली आहेत. जिच्याबद्दल लिहितेय ती आता त्या देशात नाही आणि तिने लिहायला हो म्हटलंय.

माझी धाकटी बहीण मुग्धा दुबईत अल बर्शाला राहते. नवरा प्रसाद इमारतींच्या वायरिंगचं काम बघणारा इंजिनिअर, मुलगी इरा चौदा वर्षांची. कित्येक वर्षं "ये ना ताई" चाललं होतं. यंदा बँकेतली नोकरी सोडली आणि माझ्याकडच्या सबबी संपल्या. ठाण्याहून निघताना बॅगेत भाजणी, मेतकूट आणि माझी पांढरी सुती चादर. दुसऱ्याच्या गादीवर आपली चादर अंथरल्याशिवाय मला झोप लागत नाही, मग हॉटेलला कितीही तारे असोत. मुग्धा याच्यावरून मला आयुष्यभर चिडवत आली आहे.

दुबईबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत, मी त्यात भर घालत नाही. मेट्रो स्वच्छ आहे, उन्हात पाच मिनिटांत माणसाचा पापड होतो, कडक चहा दोन दिरहमला म्हणजे आपल्या पंचेचाळीस-शेहेचाळीस रुपयांना मिळतो आणि तो खरंच चांगला असतो. बहिणीच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये दोन कुटुंबं वाटून राहतात. त्यातल्या एका खोलीत मेहरिगुल राहायची. पस्तिशीची, उंच, कपड्यांच्या दुकानात हिशोब बघणारी. हिंदी तिने गिऱ्हाइकांकडून आणि टीव्हीवरच्या सासू-सुनांकडून उचललेली. मुग्धाचं आणि तिचं डब्यांवरून जुळलं होतं. आपल्यासारखंच तिच्याकडेही आलेला डबा रिकामा परत द्यायची पद्धत नाही. इकडून थालीपीठ गेलं की तिकडून लगमन यायचं, म्हणजे हाताने ओढलेल्या लांब शेवया आणि वर मटणाचा रस्सा. मुग्धा मला ताई म्हणते म्हणून तीही पहिल्या दिवसापासून ताईच म्हणायला लागली.

मेहरिगुल उइगुर. चीनच्या वायव्य टोकाला राहणारे हे मुसलमान लोक, भाषा तुर्कीच्या कुळातली. तिथे किती माणसांना कुंपणाआड नेलं, का नेलं, हे तुम्ही कधीतरी बातम्यांत वाचून पुढे सरकला असाल. मीही सरकले होते. तिचा नवरा तुरसुन दुबईत कापडाचा व्यापार करायचा. आई आजारी म्हणून गावी गेला. विमानतळावरून मेसेज आला, "पोचलो." त्यानंतर काही नाही. ना फोन, ना खटला, ना मेल्याची बातमी. वर्षं गेली. तिचा पासपोर्ट संपत आला तेव्हा नवा करायला चिनी वकिलातीत गेली, तर उत्तर मिळालं की गावी जाऊन करून घ्या. नवरा ज्या तोंडात गेला त्याच तोंडात आपल्या पायांनी चालत जा, असा त्याचा अर्थ. हे मी थालीपीठ थापता थापता ऐकलं आणि सगळं तव्यावर जळलं.

तिचा भाऊ जर्मनीत बस चालवतो. तिथे या लोकांचा एक छोटा गट आहे. कुणी नर्स, कुणी विद्यार्थी, कुणी भटारखान्यात. सुट्टीच्या दिवशी शहराच्या चौकात आपापल्या माणसांचे फोटो छातीशी धरून उभे राहतात. लोक आइस्क्रीम खात बाजूने जातात. उरलेल्या वेळात हे लोक खासदारांना पत्रं लिहितात आणि जगभर विखुरलेल्या नातेवाइकांच्या साक्षी व्हिडिओवर गोळा करतात. जुन्या पासपोर्टची मुदत संपायच्या आत भावाने खटपट करून बहिणीला तिकडे बोलावून घ्यायची परवानगी मिळवली होती. पण वाटेत, विमानतळावर कुणी अडवलं तर? परत पाठवलं तर? म्हणून गटाने सांगितलं की निघण्याआधी साक्ष दे. तू पोचली नाहीस तर आम्ही ती इंटरनेटवर लावू, म्हणजे निदान दोघांची नावं जगाला कळतील.

आणि ती साक्ष तिला तिच्या खोलीत देता येईना, कारण पलीकडे पातळ भिंत आणि दुसरं कुटुंब. मुग्धाकडेही भिंती तशाच. आम्ही शनिवार-रविवार समुद्रकाठच्या खोर फक्कान गावी जाणार होतोच. मुग्धाने जेवताना विषय काढला, "मेहरिगुलला बरोबर न्यायची का?"

प्रसादने चमचा खाली ठेवला. "मुग्धा, प्लीज. इथे असलं काही करत नाहीत."

"असलं म्हणजे कसलं?" मी विचारलं.

"ताई, तुम्ही पंधरा दिवसांनी ठाण्याला जाणार. आमचा व्हिसा माझ्या नोकरीवर आहे. माझ्या कंपनीचा सगळ्यात मोठा क्लायंट चिनी आहे. एक फोन गेला की खलास. इराची शाळा, घर, सगळं."

मला त्याचा इतका राग आला की ताट ढकलून उठले. रागाचं कारण सांगते: तो खोटं बोलत नव्हता. चांगल्या माणसाला शेजारणीसाठी एक खोली मिळवून द्यायला घाबरावं लागतं, आणि त्याची भीती बरोबर असते. आदल्या आठवड्यात मराठी बायकांच्या भिशीत मी हा विषय काढला होता, तेव्हा एकीने माझ्या हातात ढोकळ्याची बशी दिली आणि म्हणाली, "आपण इथे कमवायला आलोय हो." तिच्यावर चिडणं सोपं होतं. प्रसादवर चिडून मला झोप आली नाही.

सकाळी तोच गाडीची चावी घेऊन दारात उभा होता. "यल्ला, चला. पण जागेचा काही म्हणजे काही पत्ता लागता कामा नये," तो म्हणाला, आणि मेहरिगुलची बॅग उचलून डिकीत ठेवली.

रस्ता सांगते, तेवढा उपयोग व्हावा. दुबईहून शारजामार्गे खोर फक्कान दीड-पावणेदोन तास. दुबईतले टोल गाडीवरच्या टॅगमधून आपोआप कापले जातात, थांबावं लागत नाही. शहर मागे पडलं की वाळू, मग एकदम काळेकभिन्न डोंगर, त्यांच्या पोटातून लांबच लांब बोगदे, आणि शेवटच्या बोगद्यानंतर निळा समुद्र. पेट्रोल भरून घ्या, पाणी जास्त ठेवा. समुद्राकाठी दोन खोल्यांचं सर्व्हिस अपार्टमेंट चारशे दिरहमला मिळालं, म्हणजे नऊ हजारांच्या वर. मासे ताजे, भात बरा.

बंदर गावाला चिकटूनच आहे. मोठमोठ्या क्रेन आणि रंगीत कंटेनरची उतरंड. मेहरिगुल कठड्याला टेकून बराच वेळ बघत होती. "ताई, इसमें आधा माल हमारी तरफ का है," ती म्हणाली. "टोमॅटो, कपास. डिब्बा आता है, डिब्बा जाता है. उसको कोई नहीं बोलता, गाव जाके पासपोर्ट बनाओ."  मी तोंड उघडलं असतं तर तिथे बाजूला सेल्फी काढणाऱ्या निरागस माणसांवर ओरडले असते.

आता माझी गंमत बघा. गेली कित्येक वर्षं मी जागा दाखवायला शिकलेय. पाटी घ्या, डोंगर घ्या, मागे समुद्र हवा. आणि इथे मला अशी चौकट शोधायची होती जी कुठलीच नाही. गटाच्या सूचना आल्या होत्या. चेहऱ्यावर उजेड हवा, नवऱ्याचा फोटो छातीशी, आणि मागे असं काही नको ज्यावरून देश कळेल. कारण हा व्हिडिओ बाहेर पडला की तो बारकाईने बघणारे लोकही असतात, आणि मागे राहिलेल्या तिच्या ओळखीच्यांना त्याचा त्रास होतो. मी खिडकीजवळ खुर्ची ठेवली. खिडकीत डोंगर. कोपऱ्यात ठेवली. तिथे दिरहमचे दर लिहिलेला हॉटेलचा कागद. मग एक मोकळी भिंत सापडली आणि मी खूश झाले.

"सॉकेट," प्रसाद मागून म्हणाला. बाहेर फिरून येतो म्हणाला होता, पण दारातच घुटमळत होता. "तीन चौकोनी भोकांचा. कळणाऱ्याला कळतं."

"मग?"

"मग तुमची चादर कुठंय, ताई?"

माझी चादर. खिळा नव्हता, म्हणून पडद्याच्या दांडीवर टाकली. घडीच्या रेषा उभ्या-आडव्या ठसठशीत दिसत होत्या. प्रसादने ती परत काढली, हॉटेलची इस्त्री मागवली, आणि जमिनीवर टॉवेल पसरून चादर पाणी शिंपडून कडक इस्त्री केली. कोपऱ्यात आमच्या ठाण्याच्या लाँड्रीची शाईची खूण होती, ती त्याने आत दुमडली. घरी हा माणूस स्वतःचा शर्टही मुग्धाकडे देतो.

फोटोचा प्रश्न उरला. तुरसुनचा तिच्याजवळचा सगळ्यात स्पष्ट फोटो दुबईतला, मागे ती उंच इमारत. इराने नखं कापायच्या कात्रीने त्याच्या खांद्यांभोवती कापत तो अलगद बाहेर काढला. "व्हाय कान्ट शी जस्ट पोस्ट इट लाइक अ नॉर्मल पर्सन?" तिने विचारलं.   मेहरिगुलने खाली पडलेला इमारतीचा तुकडा उचलून पर्समध्ये ठेवला.

मग ती बसली आणि तिच्या भाषेत बोलायला लागली. मला एकच शब्द कळत होता, तुरसुन. मी फोन धरून उभी. तिचा आवाज स्थिर होता, हात स्थिर होते. ती अर्ध्यावर आली असेल आणि बाहेर अजान सुरू झाली.

ती थांबली. फोनकडे बघून म्हणाली, "बंद करो, ताई. अजान आ गया तो पता चल जाएगा."

मी रेकॉर्डिंग बंद केलं. अजान संपेपर्यंत ती फोटो मांडीवर पालथा घालून बसली होती. मग म्हणाली, "गाव में अजान सुनने को तरसते थे. यहाँ रोज़ पाँच बार मिलता है, तो मेरे को काटना पड़ता है." एवढं बोलून ती रडली, त्या दिवसात पहिल्यांदाच. मला सांगायला लाज वाटत नाही, मी आतल्या खोलीत जाऊन उशीवर मुठी मारल्या. कुणाला मारत होते ते मला आजही पुरतं माहीत नाही. यादी मोठी आहे.

दुसऱ्यांदा एका दमात झालं. व्हिडिओ भावाकडे गेला, फोनमधून पुसला. चादर घडी करून बॅगेत गेली आणि त्या रात्री मी पहिल्यांदा हॉटेलच्या चादरीवर झोपले.

परतताना वाट वाकडी करून अल ऐनला गेलो. लांब पडतं, अडीच तास तरी धरा. पण तिथलं खजुराचं बन चुकवू नका. आत चालायला छान पायवाटा आहेत आणि झाडांमधून पाण्याचे जुने पाट वाहतात. डोंगराखालचं पाणी भुयारांतून आणलेलं, आपल्या औरंगाबादच्या नहरीसारखं. मेहरिगुल वाकली आणि पाण्यात कोपरापर्यंत हात घातला. तुरसुनचं गाव तुरपान, तिथेही असंच पाणी येतं, त्यावर द्राक्षं पिकतात, असं तिने इराला सांगितलं. लग्नात मिठाच्या पाण्यात भिजवलेली रोटी नवरा-नवरीने खायची असते, आणि तुरसुनने घाईघाईत माझाही तुकडा खाल्ला, म्हणाली. पूर्ण सहलीत ती तेवढीच हसली. प्रसादने नकळत मोबाइल वर केला आणि पुन्हा खिशात घातला.

मी ठाण्याला आले. काही आठवड्यांनी ती सुखरूप जर्मनीत उतरली. व्हिडिओ लावायची आता सक्ती नव्हती. तिने स्वतःच सांगितलं, लावा. आता भावाच्या शेजारी तीही चौकात फोटो धरून उभी राहते. माझ्या घरातली चादर जगभर फिरली, आणि कुणालाही ती कुठली ते कळलं नाही. मी पलंगावर तीच अंथरते. मुग्धाकडे सगळं ठीक आहे.

मागच्या महिन्यात मेहरिगुलचा फोन आला. तुरसुनने व्हिडिओ कॉल केला होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मी आनंदाने ओरडणार तेवढ्यात ती म्हणाली, "पूरा सुनो, ताई."

तो खूप वाळला होता. दाढी ताजी केलेली. म्हणाला, मी बरा आहे, सरकार काळजी घेतं, तू तो व्हिडिओ काढून टाक. तिने विचारलं, आई कशी आहे? त्याने उत्तर द्यायच्या आधी बाजूला कुणाकडे तरी पाहिलं. मग कॉल संपला.

"काढणार?" मी विचारलं.

"नहीं. वीडियो था, तो किसी को उसका दाढ़ी बनाके सामने लाना पड़ा. निकाल दिया तो वो फिर गुम."

 मग तिने विचारलं, "ताई, उसके पीछे क्या था, मालूम?"

"काय?"

"चादर. सफेद."

आणि त्यांनी इस्त्रीसुद्धा केली नव्हती. घडीच्या रेषा तशाच दिसत होत्या, ती म्हणाली, उभ्या आणि आडव्या. लपवायची एवढी गरज, पण कुणी विचारेल याची भीती नाही.