नागपूरला न पोहोचणारी गाडी

माझी पेट्रोलची स्कूटर नवा रायपूरच्या रस्त्यावर महिन्यात तिसऱ्यांदा बंद पडली, तेव्हा मी तिला लाथ मारली. लागलं माझ्याच पायाला. मार्च संपत आलेला, दुपारी चारचं ऊन, पटांगणासारखा रुंद रस्ता आणि त्यावर मी एकटी. गाड्या सुसाट जातात, थांबत कुणी नाही. माझं ऑफिस तिथं आणि घर जुन्या रायपुरात, चौबे कॉलनीत, म्हणजे जाऊन-येऊन पन्नासेक किलोमीटर. ऑफिसची बस आहे, पण ती तिच्या वेळेला सुटते आणि माझं काम तिला विचारून संपत नाही. शिवाय थांबणं माझ्या रक्तात नाही. चहा उकळेपर्यंतसुद्धा मी ओट्यापासून दारापर्यंत तीन फेऱ्या मारते.

त्या दिवशी मेकॅनिकच्या बाकावर बसून ठरवलं, बस्स झालं, आता बॅटरीची गाडी घ्यायची.

ठरवणं सोपं होतं. किंमत ऐकल्यावर बसायला खुर्ची शोधावी लागली. सरकारची सवलत मिळाली तर हप्ता माझ्या पगारात बसत होता, नाही तर नाही. मग सुरू झाली ती सवलतीची शोधाशोध. जेवताना मोबाईल, भाजी चिरताना मोबाईल. ऑफिसात एक म्हणाला की केंद्राची सवलत किमतीतूनच वजा होते, दुसरा म्हणाला की राज्याची नंतर बँकेत येते, आणि तिसऱ्याने छातीठोकपणे सांगितलं की सगळं कधीच बंद झालं. तिघांपैकी एकाकडेही बॅटरीची गाडी नव्हती. मला झोप लागेना. कुशी बदलत मनातल्या मनात कागद मोजायची, आधार, पॅन, पासबुक, विजेचं बिल.

शेवटी रायपुरातल्याच शंकर नगरच्या एका शोरूममधल्या मुलीने कागदावर लिहून दिलं. काय आधीच वजा होणार, कशासाठी अर्ज करायचा, अर्ज कोण भरून देणार, सगळं. वर म्हणाली, "बस एक बात है दीदी. गाड़ी यहीं से लेनी पड़ेगी और यहीं रजिस्टर होगी. तभी मिलेगा."

तो कागद पर्समध्ये घालून मी हवेतच घरी आले.

घरात आम्ही दोघंच, मी आणि बाबा. आई जाऊन सहा वर्षं झाली. बाबा रेल्वेतून निवृत्त झालेले, वय अठ्ठ्याहत्तर. नोकरीसाठी नागपूरहून रायपूरला आले त्याला पन्नास वर्षं होत आली, तरी महत्त्वाची वस्तू नागपूरहूनच येणार हा आमच्या घरचा कायदा. आईची शिलाई मशीन नागपूरची, कुकर नागपूरचा, दिवाणखान्यातला पंखासुद्धा नागपूरचा. बाबांनी त्यांची पहिली स्कूटर पाडव्याला तिथंच घेतली होती आणि आईला मागे बसवून, भंडाऱ्याला नि राजनांदगावला चहा पीत, इथवर चालवत आणली होती. ही गोष्ट मी इतक्यांदा ऐकली आहे की त्या चहात साखर किती होती तेही सांगू शकते.

मी कागद काढायच्या आत बाबाच म्हणाले, "गाडीचं काम झालं. पाडव्याची सांगून ठेवली नागपूरले. तुह्या चुलतभावाले फोन केला, टोकन बी देल्लं."

"मले न विचारता?"

"त्यात काय विचारायचं? आपली गाडी नागपूरची राहते."

मी सवलतीचं सांगितलं. इथं घेतली तरच मिळते, दोनदा, मग आवाज चढवून तिसऱ्यांदा. चुलतभावाला फोन लावून विचारलं की तिथं काय मिळेल, गाडी इकडे आणायची तर काय करावं लागेल. तो म्हणाला, "पाहू ना ताई, आधी घेऊन तर घे." माझं डोकंच फिरलं. बाबांना वेगळीच काळजी होती.

"मले एक सांग, एका चार्जिंगमधी नागपूरले पोहोचन काय?"

मी हसले. हसायला नको होतं. "बाबा, नागपूर तीनशे किलोमीटर हाय. ती शंभर, राजनांदगावच्या पुढं थोडी गेली तरी खूप झालं."

"मंग काय कामाची?"

"माझ्या कामाची! मले नागपूरले नाही जायचं, मले रोज ऑफिसले जायचं हाय. तुमचं सारं आयुष्य त्या नागपूरकडे तोंड करून गेलं!"

बाबांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला. ते वाक्य मला परत घेता आलं असतं तर बरं झालं असतं. पण मी तणतणत गच्चीवर गेले आणि वाळलेले कपडे ओढून काढले.

पुढचे चार दिवस घरात कामापुरतं बोलणं. पाडवा जवळ आलेला, चुलतभावाचे फोन येत होते आणि शोरूमच्या मुलीचेही. मी दोघांनाही उद्या सांगते म्हणत होते. चिडावं की माफी मागावी तेच कळत नव्हतं. स्कूटर मेकॅनिककडे पडून होती आणि मी रोज बसमागे पळत होते.

पाचव्या दिवशी, जेवणाची सुट्टी संपता संपता, गेटवरून फोन आला. "मैडम, आपके पिताजी आए हैं."

मी जिना कशी उतरले मला आठवत नाही. मनात नको नको ते आलं. बाबा चौकीदाराच्या खुर्चीवर बसले होते, डोक्यावर ओला रुमाल, हातात पाण्याची बाटली, चेहरा तांबडालाल.

"काय झालं? काहून आले बाबा?"

"काही नाही झालं. पाहाले आलो."

"काय पाहाले?"

"तू कुठं येते ते."

घराजवळून एक बस, मग दुसरीची तासभर वाट, मग चुकीच्या थांब्यावर उतरून उन्हात पायी. दोनदा रस्ता विचारायला माणूस शोधावा लागला म्हणाले. मी या ऑफिसात अकरा वर्षं आहे आणि बाबांनी ते कधी पाहिलं नव्हतं. मी कधी बोलावलंही नव्हतं. मला इतका राग आला, त्यांचा आणि माझाही, की मी चौकीदारासमोरच रडले. बाबा म्हणाले, "रडून काहून राहिली? मले एक लिंबू सरबत पाज."

संध्याकाळी ऑफिसच्या बसने आम्ही परतलो. खिडकीतून ते सारखं बाहेर बघत होते. बराच वेळ दुकान नाही, झाड नाही, माणूस नाही. शहरात शिरल्यावर म्हणाले, "ते शंकर नगरचं दुकान उघडं राहीन काय आता?"

उघडं होतं. मुलीने त्यांना पाणी दिलं आणि गाडीजवळ नेलं. ते काय विचारणार ते मला पाठ होतं. ती नाही म्हणणार, मग ते माझ्याकडे बघणार, मग पुन्हा पहिल्यापासून सगळं. मी आधीच बोलायला तोंड उघडलं, तर बाबांनी हातानेच मला गप्प केलं.

सीटवर हात ठेवून ते आपल्या तोडक्यामोडक्या हिंदीत म्हणाले, "बेटी, ये नवा रायपुर जाके, वापस आके, कितना बचेगा?"

"आधा बच जाएगा, बाबूजी."

"पक्का?"

"हव, पक्का."

"रस्ते में बंद तो नही पडेगी ना?" त्यांचा आवाज जरा खाली आला. "ये अकेली रहती है. उधर कोई नही रहता."

मुलीने अर्ज पुढे केला. मी लिहायला लागले, पण अक्षरं नीट दिसेनात, म्हणून आमचा चौबे कॉलनीचा पत्ता बाबांनी सांगितला आणि तिनेच लिहून घेतला.