‘छान’ म्हणायला बंदी आहे

सोमवार ते शनिवार मी शाळेत ड्रॉइंग शिकवतो आणि रविवारी सकाळी चंदनसारला आमच्याच सोसायटीच्या हॉलमध्ये मोठ्या माणसांचा पेन्सिल ड्रॉइंगचा क्लास घेतो. शाळेतली पोरं परवडली! पोरांना ‘इथे गडद कर’ म्हटलं की करतात. मोठी माणसं आधी ‘का?’ विचारतात, मग ‘नको’ म्हणतात, मग चहा मागवतात. त्यामुळे वर्षअखेरीस हाताशी चांगली चित्रं दोन-चारच उरतात आणि किस्से मात्र पोटमाळ्यावर टाकावे लागतील इतके. बायको म्हणते, “चित्रकला बंद करा, नुसते किस्से सांगा. जास्त माणसं येतील.”

*

क्लास संपताना सगळी चित्रं भिंतीला टेकवून ठेवायची आणि एकमेकांच्या चित्रात काय चुकलं ते सांगायचं, हा माझा नियम. सावली कुठे कमी पडली, डाळिंब गोल वाटतं की चपातीसारखं सपाट, असं.

पहिल्याच रविवारी साळवी काकांना उभं केलं. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, अतिशय सज्जन गृहस्थ. पहिल्या चित्रापुढे थांबले. “छान!” दुसऱ्यापुढे, “छान!” तिसऱ्या चित्रातला तांब्या कुणीतरी त्यावर बसून उठल्यासारखा दिसत होता. “वा, छान!”

“काका, आजपासून या क्लासमध्ये ‘छान’ म्हणायला बंदी!”

“मग ‘सुंदर’?”

“तेही नाही.”

“‘बरं आहे’ तरी?”

“अहो, चूक सांगा, चूक!”

काका मनापासून दुखावले. “सर, लग्नात जेवायला बसल्यावर यजमानाला सांगतो का आपण, मठ्ठ्यात मीठ कमी आहे म्हणून? ते घरी येऊन बोलायचं असतं!”

*

मग फिलोमिना मावशी आल्या, आणि क्लास एकदम दुसऱ्या टोकाला गेला. मावशी पापडी गावच्या. आयुष्यभर नर्सची नोकरी केलेली. चर्चमधली सकाळची प्रार्थना, मिस्सा, आटपून थेट क्लासला येतात.

त्या दिवशी सगळ्यांनी स्वतःचा डावा हात काढला होता. रश्मीच्या चित्रापुढे मावशींनी चष्मा सारखा केला. रश्मी अंधेरीला एका कंपनीत एचआरमध्ये आहे.

“ह्याचं मनगट मोडलंय,” मावशी म्हणाल्या. “आत हाड आहे असं वाटतच नाही. आधी एक्स-रे काढ.”

रश्मीचा चेहरा उतरला. “मावशी, फीडबॅक जरा पॉझिटिव्ह पद्धतीने द्यायचा असतो.”

मावशींनी पुन्हा वाकून नीट पाहिलं.

“अंगठा वाचेल,” म्हणाल्या.

*

पांढऱ्या कागदावर पांढरं अंडं काढणं हा शेडिंगचा सगळ्यात चांगला अभ्यास. एकच दिवा, एका बाजूने. उजळ भागाकडून हळूहळू करड्यात जायचं, मग गडद सावली, आणि अगदी कडेला टेबलावरून उलट आलेला थोडासा उजेड. तेवढं जमलं की अंडं कागदातून उचलून घ्यावंसं वाटतं. मी घसा कोरडा होईपर्यंत समजावलं आणि घरून काढून आणायला सांगितलं.

पुढच्या रविवारी साळवी काकांचं अंडं पाहिलं. तीन ठिकाणी चेपलेलं, वर खड्डे.

“काका, अंड्याला डोळे कसे आले?”

“सर, श्रावण आहे. घरात अंडं आणायची सोय नाही. मग बटाटा ठेवला समोर.” मग घाईघाईने पुढे म्हणाले, “पण काढताना मनात अंडंच होतं हं!”

*

गडद करायची भीती हा तर या क्लासचा राष्ट्रीय रोग. पेन्सिल अशी धरतात की जणू कागदाला दुखेल. “दाबा! सावलीशिवाय चेहरा उठणार कसा?” हे वाक्य मी झोपेतही बोलतो म्हणे.

रश्मीने सासूबाईंना समोर बसवून त्यांचं चित्र काढायला घेतलं. पहिल्या आठवड्याला गालफडाखाली, नाकाच्या कडेला, हनुवटीखाली अशा काही सावल्या आल्या होत्या की मला भरून आलं. म्हटलं, चला, एक तरी शिकली! फक्त केस राहिलेत, ते पुढच्या वेळी.

पुढच्या रविवारी चित्र आलं. केस काळेभोर, आणि खाली चेहरा धुतलेल्या ताटासारखा पांढरा! सगळ्या सावल्या खोडरबराने साफ.

“अगं, काय केलंस हे? सगळा फॉर्म, चेहऱ्याचा उठावच गेला!”

“सर, त्या म्हणाल्या, ‘एवढी काळी आहे का मी?’”

“त्यांना सांग ना, ती सावली आहे म्हणून!”

“सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘सावली तुझ्या आईवर पाड.’” रश्मीने पेन्सिली गोळा केल्या. “फॉर्म मला कळतो हो सर, पण राहायचं त्याच घरात आहे!”

*

मावशींनी एकदा घरच्या वाडीतली केळ्यांची अख्खी फणी आणली. पिवळीधमक. मी ती टेबलावर मांडली. साळवी काकांनी मात्र पहिल्यांदाच पेन्सिल दाबली, आणि अशी दाबली की केळी कोळशाची झाली.

“काका, पिवळा रंग उजळ असतो. एवढं गडद नको.”

काकांनी ऐकलं नाही. दुसऱ्या रविवारी मी तेच सांगितलं. त्यांनी तेच केलं. तिसऱ्या रविवारी हॉल उघडला तर दोन आठवडे बंद खोलीत राहून केळी काळीठिक्कर पडलेली, वर चिलटं घोंगावतायत.

काकांनी आपलं चित्र शेजारी धरलं. एकदा केळ्यांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

“पटलं का आता?”

*

याच साळवी काकांनी मग पत्नीचं चित्र काढायला घेतलं, तेही पासपोर्ट साइज फोटोवरून. फोटो फ्लॅश मारून काढलेला. फ्लॅशने सगळ्या सावल्या खाल्लेल्या, चेहरा पापडासारखा. मी सांगून सांगून थकलो, “फोटो नको, प्रत्यक्ष समोर बसवा!” काका नुसते हसायचे आणि पुन्हा खिशातून फोटो काढून बसायचे.

एकदा रश्मीने मला बाजूला घेतलं. “सर, काकू... नसतील हो. म्हणून फोटोवरून काढतात.”

एवढे दिवस मी त्यांच्यावर ओरडत होतो! त्या दिवसापासून काकांच्या चित्रावर कुणी बोलेना. मी नुसती मान हलवायचो. मावशीसुद्धा ते चित्र आलं की छातीवर क्रुसाची खूण करून पुढे जायच्या. शेवटी काकाच वैतागले. “सर, माझ्या चित्रात चुका संपल्या का?”

मी घाईने पुढच्या चित्राकडे वळलो.

आणि एका रविवारी हॉलच्या दारात एक बाई उभ्या. हातात भाजीची पिशवी, चेहरा घामाने डबडबलेला.

“साळवी इथेच येतात ना? घराच्या दोन्ही किल्ल्या खिशात घालून आलेत. मी तासभर बाहेर उभी!”

फोटोतल्याच बाई! रश्मीच्या हातातली पेन्सिल खाली पडली. मावशी पुटपुटल्या, “जिझस!”

मी काकांकडे वळलो. “अहो, मग समोर का नाही बसवलंत?”

“विचारायचं कसं सर? हसेल ती.”

काकूंचं लक्ष एव्हाना भिंतीला टेकवलेल्या चित्राकडे गेलं होतं. बराच वेळ त्या बघत राहिल्या.

“ही कोण?”

मीच पुढे झालो, काकूंच्या हातातली पिशवी घेतली आणि खिडकीपाशी खुर्ची ठेवली. उजेड एका बाजूने येत होता. “पाच मिनिटं बसा.” त्या ‘इश्श’ म्हणाल्या, ‘भाजी सुकेल’ म्हणाल्या, पण बसल्या. काकांनी नवा कागद लावला.

पाच मिनिटांचा तास झाला. काका कागदाकडे कमी आणि समोर जास्त बघत होते. डोळ्यांच्या खोबणी, कानामागचे विस्कटलेले केस, हनुवटीखालची सावली. सगळं न घाबरता दाबून काढत होते.

तेवढ्यात काकू मान न हलवता हळूच म्हणाल्या, “एवढा वेळ माझ्याकडे कधी बघितलं होतंत का हो?”

काकांनी कागदावरून पेन्सिल उचललीसुद्धा नाही.

“बोलू नकोस. सावली हलते.”