बटण दाबलं की येणारा वास

आमच्या गल्लीत शेजाऱ्यांच्या दारातली लिंबू-मिरची काढून कचऱ्यात टाकणारी बाई म्हणजे मी. आधीच सांगून ठेवते, नाहीतर कमेंटमध्ये ‘ताई, एकदा शांती करून घ्या’ सुरू होईल. भुताखेतांच्या गप्पांना मी तोंडावर हसते... म्हणजे, गेल्या वर्षीपर्यंत हसायचे.

साताऱ्यात गोडोलीला माझं वर्कशॉप आहे. बिल्डर लोकांना इमारतींची मॉडेल्स करून देते. मोटर, वायरिंग, दिवे बघतो अभिनंदन. मूळचा सांगलीचा, जैन घरातला, जेवणात कांदासुद्धा न चालणारा माणूस.

पुण्याच्या एका खाजगी प्रदर्शनाचं काम आलं. मोठमोठ्या योजना कशा आखल्या गेल्या, असा काहीतरी विषय. आम्हाला करायचं होतं पॅसिफिक महासागरातलं एक बेट — खरं तर बांगडीसारखी बेटांची माळ, मध्ये निळंशार पाणी. अणुबॉम्बच्या चाचण्यांसाठी अशी जागा कशी निवडतात, खर्च कसा काढतात, ते लोकांना दाखवायचं. धावपट्टी, धक्का, बंकर, मनोरा... प्रत्येकाशेजारी खर्चाची पाटी. मजकूर त्यांनीच पाठवला होता. नारळाच्या झाडांची भरपाई वेगळी दाखवलेली. आणि तिथं राहणारी माणसं? सिमेंटच्या वाहतुकीखाली एक ओळ : ‘बेट मोकळे करणे — एक जहाज, एक फेरी.’

वाचूनच तोंड कडू झालं. मी तिथल्या साहेबांना फोन केला.

"सर, माणसांचं एवढंच?"

"मॅडम, माणसं कमी म्हणून तर जागा परवडली!" ते हसले. "आणि ती घरं जरा नीट करा हं. प्रेक्षकानं बटण दाबलं की घरं खाली गेली पाहिजेत आणि वर पांढरा लख्ख उजेड. मुलांना आवडेल."

किळस आली. पण काम घेतलं होतं, केलं. नारळाच्या झावळ्यांची चिमुकली घरं मी स्वतः कापली, एका फळीवर चिकटवली. अभिनंदननं खाली मोटर बसवली. दुपारी, जेवणं झाल्यावर, पहिल्यांदा बटण दाबलं. घरं खाली गेली. उजेड पडला.

आणि वास आला.

कसा सांगू... सडलेली मासळी, जळलेले केस आणि कुजलेलं खोबरं, सगळं एकत्र. अभिनंदन तोंड दाबून मोरीकडे पळाला.

"आयला... ताई, उंदीर मेलाय बघा कुठंतरी!"

मी घरं वर घेतली. वास गेला. हळूहळू विरला नाही, बटण सोडताक्षणी गेला. पुन्हा दाबलं. पुन्हा तोच.

वायर जळते म्हणावं, तर अभिनंदननं सगळी वायरिंग बदलली. मधल्या पाण्यासाठी ओतलेलं रेझिन म्हणावं, तर त्याच डब्यातलं रेझिन दुसऱ्या मॉडेलला वापरलं होतं. शेवटी दोघांनी टेबल उचलून बाहेर अंगणात नेलं. भर उन्हात, वारा सुटलेला. बटण दाबलं, तर समोर चहा टाकणाऱ्या शोभावहिनी पदर नाकाला लावून ओरडल्या, "आवं, काय कुजवलंय तुमी? गिऱ्हाईक पळालं की माजं!"

मग अभिनंदननं बाही वर केली. मनगटापासून कोपरापर्यंत चुन्यासारखी पांढरी भुकटी. झटकली, तर खालची कातडी लालभडक.

"ताई, मी न्हाई आता हात लावणार," तो म्हणाला. "लय घाण हाय हे. वासाचं न्हाई म्हणत मी."

डॉक्टर म्हणाले, रेझिनची ॲलर्जी. असेल. पण रेझिनचं काम सगळं मी केलं होतं, आणि माझ्या हाताला काही नव्हतं. त्याचा हात बरा व्हायला महिना गेला.

मी साहेबांना कळवलं : घरं पक्की चिकटवून देते, खाली जाणार नाहीत. मॉडेलमध्ये दोष आहे, वास येतो. त्यांनी ऐकलं नाही. त्यांची माणसं टेम्पो घेऊन आली आणि आहे तसं घेऊन गेली. मी अडवलं नाही. सुटल्यासारखं वाटलं, हेही खरं.

प्रदर्शन सुरू झाल्यावर आठवड्यात फोन आला. मला वाटलं, आता हे शिव्या घालणार.

"मॅडम, कमाल केलीत! तो वास! लोक रांगा लावतायत. नाक दाबतात, ओकाऱ्या काढतात, हसतात आणि परत दाबतात. सेल्फी तर विचारू नका. फक्त एवढं सांगा, वासाची बाटली कुठं बसवलीय? संपली की भरायची कशी?"

"सर, आत बाटली नाहीये."

"अहो, सिक्रेट असू दे, आम्ही पैसे देऊ. आणखी दोन मॉडेल हवीत."

मागे लहान मुलं खिदळत होती. कुणीतरी ‘एक, दोन, तीन’ म्हणत होतं. मी फोन ठेवला आणि मोरीवर जाऊन ओकले.

नंतर त्यांचे फोन मी उचलले नाहीत. अभिनंदनसारखा कुणा प्रेक्षकाचा हात भाजल्याचं काही ऐकलं नाही, पण तशी बातमी येते का, इकडे माझं सारखं लक्ष असतं. वास कशाचा होता, मॉडेलमध्ये कुठून आला, मला आजही ठाऊक नाही. अभिनंदनला विचारलं तर तो एवढंच म्हणतो, "मोटर हाय, दिवा हाय. बाकी आत कायबी न्हाई, ताई. मी सोता बघितलंय."