कोऱ्या कुरणाचं फाटक

पाठीवर औषधाचा डबा, डब्यातून निघालेली रबरी नळी आणि नळीच्या टोकाला मेंढीच्या तोंडात औषध सोडायची पिचकारी. आसपासच्या मेंढवाड्यांवर तो वर्षानुवर्षं असाच दिसत आला, म्हणून नाव पडलं पिचकारीमामा. त्यातला 'मामा' भाचीचा, 'पिचकारी' लोकांची.

हात मात्र बघत राहावा असा. मेंढी गुडघ्यांत धरायची, डाव्या हातानं हनुवटी जराशी उचलायची, गालाच्या फटीतून पिचकारी आत, खटका दाबला की पुढची. मेंढी खोकता कामा नये. "ज्याची मेंढी खोकली त्यानं घरी बसून भांडी घासावी," असं तो ऐटीत म्हणायचा. भांडी घासणारी मामी आतून म्हणायची, "मग या की! सकाळीच एक खोकली तुमची."

त्याचा एक दंडक होता. जंताचं औषध द्यायचं तर कळपातल्या एकूण एक मेंढीला, आणि त्याच दिवशी कळप हाकायचा कोऱ्या कुरणात. कोरं कुरण म्हणजे कुंपण घालून राखलेलं, कित्येक महिने मेंढीचा खूर न लागलेलं; असे दोन तुकडे तो आळीपाळीनं राखायचा. "आंघोळ केल्यावर मळके कपडे घालतं का कुणी?" तो विचारायचा. शेजारचे मेंढीवालेही तसंच करायला लागले. औषध पोटात गेलं की मेंढ्यासुद्धा आपणहून कोऱ्या कुरणाच्या फाटकाशी जाऊन उभ्या राहायच्या.

त्या वर्षी औषध दिलं, फाटक उघडलं, कळप हिरव्यागार गवतात सोडला आणि मेंढ्या सुकतच गेल्या. गाभण होत्या सगळ्या, वीण तोंडावर आलेली. काहींच्या जबड्याखाली पाण्याच्या पिशव्या लोंबायला लागल्या, लोकर नुसती धरली तरी हातात यायला लागली. एका सकाळी एक मेंढी गोठ्यात पाय ताणून पडलेली सापडली, तिच्या मागोमाग दुसरी. जंतांनी शोषून आईच्या अंगात रक्त नाही तर कोकराला दूध कुठून पाजणार? मामाच्या तोंडचं पाणी पळालं.

आधी त्यानं दुकानदाराच्या नावानं शंख केला. "पाणी घातलंय मेल्यानं!" दुसऱ्या दुकानातून दुसरा डबा आणला. झाकण निराळं, चित्र निराळं, गुण तोच. शेवटी भाचीला बोलावलं. ती गुरांची डॉक्टर. बालपणी याच गोठ्यात लोळलेली, त्यामुळे भीडभाड नाही. तिनं मेंढ्यांच्या लेंड्या औषध देण्याआधी आणि दिल्यावर काही दिवसांनी अशा दोनदा गोळा केल्या आणि सूक्ष्मदर्शक थेट जेवायच्या टेबलावर मांडला.

"अगं, तिथं जेवतो आम्ही!" मामी ओरडली.

"पुसून देते, मामी. मामा, या, डोळा लावा."

मामानं डोळा लावला. लांबट अंडी, एकमेकांना खेटून, बाजारात पोती रचावीत तशी.

"औषधानंतरची ही," भाची म्हणाली. "आधीही एवढीच होती."

"डबा बदलला होता ना मी!"

"डबे दोन, आतलं औषध एकच. ते पचवायला शिकलेत तुमचे जंत."

"पण मी एकही मेंढी सोडत नाही. कुरण कोरं असतं."

भाचीनं खुर्ची ओढून घेतली. "तिथंच घोळ झाला. औषधानं मरायचे ते मेले. उरले ते निबर, औषधाला न जुमानणारे. त्याच दिवशी तुम्ही कळप कोऱ्या कुरणात नेता. तिथं दुसरा जंतच नाही. मग लेंड्यांतून पडतात ती नुसती निबर जंतांची अंडी. मामा, दरवर्षी नांगरलेल्या रानात तुम्ही त्यांची पेरणी करत आलात."

मामा पिचकारीची नळी बोटाला गुंडाळत राहिला, सोडत राहिला. मामीनं टेबल स्वतःच पुसायला घेतलं.

भाचीनं निराळ्या जातीचं औषध आणलं होतं, पण अट घालून. ज्या मेंढ्यांना रक्त कमी त्यांनाच द्यायचं. बाकीच्यांना थेंब नाही. आणि उरलेल्या कोऱ्या कुरणाचं फाटक काही दिवस बंद.

"म्हणजे जंत पाळायचे मी?"

"थोडे पाळायचे. औषधानं मरणारे जंत कुरणात राहिले तर निबर त्यांच्यात मिसळतात, त्यांचं एकट्यांचं राज्य होत नाही. हेही औषध गेलं तर माझ्या पिशवीत पुढचं नाही, मामा."

कोणाला द्यायचं ते डोळा सांगणार होता. मेंढीची खालची पापणी ओढायची. आत लाल असेल तर सोडायची, फिकी असेल तर औषध. भाचीनं त्या रंगांचं एक कार्ड मामाच्या हातात दिलं. लालभडकपासून पांढुरक्यापर्यंत पट्टे. मामानं ते उजेडात धरलं, उलटं केलं, परत सुलटं केलं. त्याचा चेहरा कोरा.

मामीला एकटीला माहीत होतं. लग्नानंतर पहिल्याच हिवाळ्यात त्यानं तिच्यासाठी लाल म्हणून हिरवा स्वेटर आणला होता. मेंढ्यांच्या पाठीवर खूण करायचा खडूही ती हातात देईल तोच तो वापरायचा. तिनं कार्ड काढून घेतलं. "द्या इकडे. चष्मा विसरलेत ते."

दुसऱ्या दिवशी सकाळी गोठ्यात काम उलटंपालटं झालं. जन्मभर फाटकावर उभी राहिलेली मामी पापण्या ओढत होती आणि मामा तिच्या हुकमाची वाट बघत होता. "फिकी, द्या. हिलापण द्या. ही लाल, सोडा." सोडलेली मेंढी उड्या मारत गेली की मामाच्या जिवावर यायचं. अंगणातून उपाशी पाहुणा लावून द्यावा तसं.

मग घंटावाली आली. गळ्यात घंटा, वयानं सगळ्यांत थोरली, बाटलीनं दूध पाजून मामानंच वाढवलेली. तिच्या बाबतीत त्यानं विचारलंच नाही. पिचकारी गालात गेलीसुद्धा.

"थांबा, लाल आहे."

"नीट बघ. म्हातारी आहे ती."

"नीटच बघितलंय. मी तुमच्यासाठी लाल स्वेटर आणला असता तर लालच आला असता."

भाचीनं चमकून मामाकडे बघितलं. मामाचं बोट खटक्यावर होतं. जरासं दाबलं की झालं. त्यानं पिचकारी बाहेर काढली. एक थेंब त्याच्या बुटावर पडला. घंटावाली न खोकता निघून गेली.

काम उरकलं तेव्हा सगळा कळप सवयीनं कोऱ्या कुरणाच्या फाटकाशी जाऊन थांबला. पुढं घंटावाली, फाटकाला डोकं लावून. शेजारचा मेंढीवाला कुंपणावरून ओरडला, "मामा, झोप लागली का? फाटक उघडा की!"

"नाही उघडायचं."

"आँ? मग आम्ही इतकी वर्षं कुणाचं ऐकून उघडतोय?"

"माझं," मामा म्हणाला आणि फाटकाची कडी तारेनं आवळून टाकली. मेंढ्या संध्याकाळपर्यंत ओरडत राहिल्या.

वीण झाली. काही कोकरं गेली. ज्यांच्या आया फारच खंगल्या होत्या ती उभीच राहिली नाहीत. बाकीची आयांच्या पोटाखाली ढुशा देत राहिली. घंटावालीला एकच झालं, पण आडदांड.

त्यानंतर शेजारच्या मेंढवाड्यावरून बोलावणं आलं, तेव्हा मामा मामीला बरोबर घेऊन गेला. पाच-सहा मेंढीवाले बघत उभे होते. मामानं पहिली मेंढी गुडघ्यांत धरली, पापणी ओढली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला,

"अगं, मला रंग कळत नाहीत. ही कशी आहे, सांग."