खोटे चार दिवस

लग्नाला दीड वर्ष झालं होतं. साठ सालाच्या आधीची गोष्ट, दारव्ह्यापासून पायी तासाभरावरचं आमचं गाव. भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी नवरा मारेगावकडच्या एका जिनिंगमध्ये हंगामापुरता कामाला गेला आणि कापूस वेचायला उरलो मी आणि सासू.

सासूबाई उजाडायच्या आत वेचलेला कापूस टाकायची ओटी कमरेला बांधून तयार. मला मात्र त्या दिवसांत उभ्या उभ्या झोप येई. का, ते कळण्याइतकी अक्कल नव्हती. पाळीही लांबली होती, पण ती आधीपासूनच मागेपुढे होई. आमच्याकडे कापूस म्हणजे लक्ष्मी. बाहेर बसलेल्या बाईने त्याला हात लावायचा नाही. म्हणून कार्तिकी पुनवेनंतर आठवड्याने मी सरळ खोटं बोलले. सपरीत, म्हणजे पुढच्या पडवीत, बारदान टाकलं आणि पाळी आल्याचं सांगून चार दिवस बसले. सोंग पुरतं वठवलं. वेगळं ताट घेतलं, कोऱ्या चिंध्या नाल्यावर धुऊन वाळत घातल्या, चौथ्या दिवशी डोक्यावरून न्हाले. कधी नव्हे ती पोटभर झोपले, आणि खरं सांगते, जराही लाज वाटली नाही.

पौष लागला तशा ओकाऱ्यांनी जीव नकोसा झाला. सासूबाईंनी सुईणीला बोलावलं. तिने ओटीपोट चाचपलं.

"दिवस आहेत. कितवा महिना, ते हाताले नाही लागून राह्यलं. बाहेर बसल्यापासून मोजा."

सासूबाईंनी तिला सूपभर ज्वारी देऊन वाटेला लावलं. मग दार लोटून माझ्यासमोर बसल्या. घरात कॅलेंडर नव्हतं. सुनेचे दिवस सासूच्या डोक्यात असत. त्यांनी ते बोटांच्या पेरांवर मोजले.

"पोरगा भाऊबीज करून गेला, तो अजून घरी आला नाही. तू पुनवेनंतर बाहेर बसली होती. मंग हे कव्हाचं?"



"आत्याबाई, मी खोटीच बसली होती. वेचणं होत नव्हतं मले. खरी बसली ते कोजागिरीले."

"कायवरून?"

काय सांगणार? सगळा पुरावा मीच धुऊन वाळत घातला होता. मी नुसती रडत राहिले. इथून हाकललं असतं तर माहेरीही कोणी दारात उभं केलं नसतं. इतकी भीती मला पुढे बाळंतपणातही वाटली नाही.



"त्या चार दिवसांत तू भाकर वापस करत होती," सासूबाई हळू म्हणाल्या. "जवसाच्या चटणीचा वास आला का तोंड फिरवत होती. मले वाटलं, माहेराची आठवण येऊन राह्यली."

त्यांनी बोटांची पेरं पुन्हा मोजली, या वेळी कोजागिरीपासून, मोठ्याने.

"आखाडात होईन," म्हणाल्या आणि चूल पेटवायला उठल्या.

मुलगी आषाढातच झाली. पुढच्या वेचणीला ती अंगावर पीत होती, माझी पाळी अजून सुरूही झाली नव्हती. एका सकाळी ओटी बांधायला निघाले तर सपरीत बारदान अंथरलेलं.

"बस चार दिवस," सासूबाई म्हणाल्या.

"पण आत्याबाई, मी तर..."

"मले माहीत आहे," त्या म्हणाल्या, आणि एकट्याच वावरात गेल्या.