शेऱ्याचा रकाना

बटण मी दाबलं, हे आधीच सांगून टाकतो. पडद्यावर इंग्रजीत काहीतरी विचारलं होतं आणि खाली ‘हो’ आणि ‘नाही’ अशी दोन बटणं होती. मी शाळेत हेडक्लार्क, म्हणून सासरच्या माणसांत इंग्रजीचा कारभार माझ्याकडे. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. अशा वेळी ‘नाही’ म्हणणारा माणूस अडाणी दिसतो, म्हणून मी ‘हो’ दाबलं. सगळी माहिती सगळ्या सभासदांना दिसू द्यायची का, असा तो प्रश्न होता. मला तो पुढे लोकांच्या शिव्यांवरून समजला.

हे सगळं माझ्या बायकोच्या मामांपायी. वस्तूंच्या बाबतीत इतका भाबडा आणि माणसांच्या बाबतीत इतका डोळस गृहस्थ हिंगोली जिल्ह्यात दुसरा झाला नाही. नवं घरात आलं की जुनं त्याच दिवशी बाहेर, हा त्यांचा बाणा. मिक्सर आणला त्या सकाळी त्यांनी पाटा-वरवंटा शेजारणीला देऊन टाकला. दुपारी गेलेली वीज तिसऱ्या दिवशी आली, आणि तोवर मामी रोज शेजारी जाऊन, परवानगी मागून, आपल्याच पाट्यावर चटणी वाटून आणत होत्या. मामांना त्याचं काही नव्हतं. “जुनं ठेवलं की माणूस मागं वळून बघते,” ते म्हणत.

मामा वधू-वर सूचक केंद्र चालवत. नव्वदच्या दशकातच त्यांनी त्यासाठी कॉम्प्युटर घेतला होता आणि कुणाकडून तरी एक साधा प्रोग्राम लिहून घेतला होता. नाव, गाव, शिक्षण, उंची, आणि शेवटी शेऱ्याचा रकाना. बाकीचे रकाने लोक सांगतील तसे भरायचे, शेरा मात्र मामा स्वतः परीक्षा घेऊन लिहायचे. मुलाला ते कनेरगाव नाक्यावरच्या ढाब्यावर जेवायला नेत, मुद्दाम भाजी परत पाठवत, आणि मग उशीर झाला की तो वाढप्याशी कसा बोलतो ते मान खाली घालून ऐकत. एका इंजिनीअरपुढे शेरा होता, ‘नोकरी उत्तम. वाढप्याला अरे-तुरे. जपून.’ हा रकाना मामांशिवाय कुणी बघायचा नाही. स्थळ जुळवताना ज्याचं त्याच्या कानात सांगायचं, एवढंच. सगळं केंद्र त्या एका रकान्यावर उभं होतं, पण ही गोष्ट कुठेच लिहिलेली नव्हती.

दोन हजार नऊच्या सुमाराला पुण्याहून एक तरुण आला. कॉम्प्युटर घरात ठेवायचे दिवस गेले, आता सगळं क्लाऊडवर, म्हणजे इंटरनेटवरून आमच्या सर्व्हरवर, असं त्याने समजावलं. “आहे तसं उचलायचं आणि तिकडे ठेवायचं, मामा. दोन तासांचं काम.” आत काय आहे हे त्याने विचारलं नाही, मामांनी सांगितलं नाही. नेट बंद पडलं तर काय, असं मी विचारणार होतो, पण तो इंग्रजीत उत्तर देईल या भीतीने गप्प बसलो. काम झालं, मी बटण दाबलं, पेढे वाटले. त्याच संध्याकाळी मामांनी जुना कॉम्प्युटर भंगारवाल्याला दिला आणि वर त्याला चहा पाजला.

सभासदांना पासवर्ड गेले, आणि तिसऱ्या दिवशी आमच्या जिल्ह्यातल्या गोरेगावच्या नेट कॅफेत माणूस मावेना. मालक म्हणे शेरे मोठ्याने वाचून दाखवत होता. मामांचा फोन वाजायचा थांबेना. पण मामांना घोर होता तो एकाच घराचा. जिल्ह्यातल्याच पुसेगावची एक मुलगी, वडील नसलेली. तिच्या आईने सगळा भार मामांवर टाकलेला, आणि गोरेगावच्या मुलाशी रविवारी तिचा साखरपुडा. शुक्रवारी सकाळी मुलाची आई जीपने हिंगोलीत मामांकडे आली. हातात छापलेला कागद. मी उठून पाणी आणायला आत गेलो आणि आतच राहिलो, दाराआडून ऐकत.

कागदावर मुलाच्या नावापुढे होतं, ‘सासू तापट. चार दिवस अबोला धरते, पाचव्या दिवशी स्वतः पुरणपोळी करून वाढते.’

“भाऊ, हे तुमी लिवलं?”

“व्हय.”

“काहून?”

“जी पोरगी तुमच्या घरात येनार तिला ठाऊक असावं म्हणून. तिला सांगितलं बी.”

“मंग? काय म्हनली?”

“म्हनली, सासू चार दिवस गप बसत असंल तर मला बोलायला मोकळं रान.”

बाईंनी कागदाची घडी घातली. “पाचव्या दिवशी न्हाई, तिसऱ्या दिवशीच करते मी. तेवढं दुरुस्त करा,” म्हणाल्या, आणि रविवारी किती माणसं आणायची ते विचारू लागल्या.

त्या दुरुस्तीसाठी मामांनी बाई जायच्या आतच पुण्याला फोन लावला. तरुण म्हणाला, तक्रारी फार आल्या म्हणून सकाळीच तो रकाना पूर्ण काढून टाकला, परत येणार नाही. “पण जुन्या कॉम्प्युटरवर असेलच की तुमच्या.” मामांनी फोन ठेवला. भंगारवाल्याकडे मी त्याच दुपारी धावत गेलो. कॉम्प्युटरचा नुसता पत्रा शिल्लक होता.

साखरपुडा झाला. केंद्रही झकास चाललं. आता प्रत्येक घर आपली माहिती आपणच भरतं, त्यामुळे सगळी मुलं निर्व्यसनी, सगळ्या मुली मनमिळाऊ, आणि तापट माणूस जिल्ह्यात औषधालाही उरलेला नाही. मामांनी एक शंभर पानी वही आणून आठवतील तसे शेरे लिहायला घेतले होते. चाळीसेक नावांनंतर ते थांबले. “चेहरे येतेत, शेरा येत न्हाई,” मला म्हणाले, आणि वही मिटली. ती मात्र त्यांनी घराबाहेर काढली नाही.

आमचं लग्नही मामांच्याच कॉम्प्युटरमधून निघालेलं. रकाना जायच्या आधी मी माझा शेरा गुपचूप वाचून घेतला होता. ‘स्वतःला हुशार समजतो. समजू द्यावे. त्रास नाही.’ बरेच दिवस पोटात ठेवून एका संध्याकाळी मी तो बायकोला सांगितला. वाटलं होतं, पोट धरून हसेल. ती मेथी निवडत होती, निवडतच राहिली.

“मला ठाऊक होतं. हो म्हणायच्या आधी मामांनी कानात सांगितलं होतं,” ती म्हणाली. मग ओसरीवर गणितं करत बसलेल्या आमच्या लेकीकडे बघत राहिली. “हिच्या वेळेला आपल्याला कोण सांगणार?”